लायनर भाजण्याआधी शेल मोजा

प्रश्न : मी म्युनिकला राहते, वय ३९. गेले तीन हिवाळे गार्मिश आणि त्सिलरटालला भाड्याच्या बुटांवर स्कीइंग करतेय. रोजच्या बुटाचा नंबर ४० सांगितला की दुकानदार २५.५ चा स्की बूट काढून देतो. सकाळी घालताना मस्त वाटतं, पण अकरा वाजेपर्यंत बोटं बधिर होतात, नडगीवर लाल वळ उठतात आणि मागच्या खेपेला डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. माझ्या पोटऱ्या जाड आहेत, वरचं बकल ओढूनताणून लागतं. घरी पाय मोजला तर लांबी २४.३ सेंमी आणि चवड्याची रुंदी ९.७ सेंमी भरली. आता स्वतःचे बूट घ्यायचेत. गरम करून पायाच्या आकाराचं करता येणारं लायनर असलेला २५.५ चा एक बूट ऑनलाइन सेलमध्ये हेरून ठेवलाय. नवरा म्हणतो, लायनर ओव्हनमध्ये तापवलं की आपोआप बसेल. हे घरी करता येईल का? शिवाय जानेवारीत पुण्याहून भाऊ आणि वहिनी पहिल्यांदाच गुलमर्गला जाणार आहेत. त्यांना काय सांगू?

उत्तर : तो सेलमधला बूट घेऊ नका. लायनर कितीही चांगलं असलं तरी २५.५ चा बूट तुमच्या पायाला एक अख्खा नंबर मोठा आहे, आणि मोठा बूट तापवून लहान होत नाही. उलट लहान बूट जिथे टोचतो तिथे तो फुगवता येतो. म्हणूनच बूट बसवणारे लोक आधी बाहेरचं प्लास्टिकचं शेल बघतात आणि आतल्या मऊ लायनरकडे सगळ्यात शेवटी वळतात.

तुमच्या तक्रारी चार दिसत असल्या तरी त्यातल्या निदान तीन एकाच कारणातून आल्यात. बूट लांब असल्यामुळे टाच मागच्या खोबणीत बसत नाही. उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा समोरच्या भिंतीवर आपटतो, म्हणून नख काळं पडतं. नख काळं पडलं म्हणजे बूट लहान असणार, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. मग पुढच्या वेळी आणखी मोठा बूट मागितला जातो आणि त्रास वाढतो. पाऊल सैल वाटलं की आपण बकलं आवळतो. पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा त्या बकलाखाली दाबल्या जातात, म्हणून बोटं बधिर आणि गार. आणि नडगी व बुटाची जीभ यांच्यात फट राहिली की प्रत्येक वळणावर नडगी जिभेवर जाऊन आदळते. दिवसभर सारखा दाब राहिला तर नडगीला त्रास होत नाही. तिला त्रास होतो तो या आदळण्याचा.

आता नंबराकडे. स्की बुटाचा नंबर म्हणजे मोंडोपॉइंट, अर्थात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. ४० वरून २५.५ काढणारे तक्ते सोयीचे असतात, पण रोजचे बूट आपण बोटांपुढे भरपूर जागा सोडूनच घेतो आणि ती जागा तक्त्यातून थेट स्की बुटात येते. घरी पाय पुन्हा एकदा मोजा, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा. बसून मोजलात तर पावलाची कमान दबत नाही आणि आकडा काही मिलिमीटर कमी येतो. २४.३ हे माप उभ्यानं घेतलेलं असेल तर तुमचा नंबर २४.५.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. बहुतेक कंपन्या शेल फक्त पूर्ण नंबरात बनवतात. २४ आणि २४.५ यांचं शेल एकच असतं, फरक असतो तो आतल्या तळपट्टीचा किंवा लायनरचा. खात्री करायची असेल तर टाचेजवळ बाजूला कोरलेली बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये वाचा. दोन्ही बुटांवर तोच आकडा दिसला की शेल तेच. म्हणजे २४ ऐवजी ‘अर्धा नंबर मोठा’ २४.५ मागून काही विशेष घडत नाही, पण २४.५ वरून २५ वर उडी मारलीत तर मात्र शेल बदलतं.

दुकानात गेल्यावर पहिली मागणी ही करा : लायनर बाहेर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घालू द्या. अनवाणी किंवा अगदी पातळ मोज्यानं. बोटं समोरच्या भिंतीला जेमतेम टेकतील इतकं पाऊल पुढे सरकवा, गुडघे जरा वाकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते मोजून घ्या. दीड ते दोन सेंटिमीटर ही तुमच्यासारख्या आरामात स्की करणाऱ्यांसाठी योग्य जागा. शर्यतीवाले एक सेंटिमीटरपेक्षाही कमी ठेवतात, त्यांचं अनुकरण नको. दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर तो बूट तिथेच परत ठेवा, सूट कितीही असो. ‘एक बोट, दोन बोटं’ असं मोजायची पद्धत आहे, पण प्रत्येकाची बोटं वेगळी. चांगल्या दुकानात यासाठी ठरावीक जाडीची काडी किंवा ठोकळा असतो. मग पाऊल मधोमध आणून चवड्याच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या हाडांना आणि वरच्या उंचवट्याला शेल कुठे घासतंय का ते बघा. दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर मोकळे हवेत, कारण तेवढ्यात लायनर मावायचं असतं.

रुंदीच्या आकड्यात लोक हमखास फसतात. बुटावर ९८, १००, १०२ असे आकडे असतात. ही चवड्याजवळची आतली रुंदी मिलिमीटरमध्ये. पण हा आकडा सहसा २६.५ नंबराच्या बुटाचा असतो. शेल एक नंबर लहान झालं की रुंदी साधारण दोन मिलिमीटरनं घटते. म्हणजे ‘१००’ लिहिलेला बूट तुमच्या २४.५ मध्ये ९६ च्या आसपास भरेल. तुमचा चवडा ९७ मिलिमीटर, तेव्हा १०० किंवा १०२ च्या बुटांपासून सुरुवात करा. स्त्रियांच्या बुटांसाठी काही कंपन्या २४.५ हेच मूळ माप धरतात, म्हणून हा आकडा कोणत्या नंबराचा, हे विचाराच. आणि रुंदी म्हणजे सगळं नव्हे. पावलाची उंची आणि टाचेभोवतीचा घेर धरून बूट कमी, मध्यम आणि जास्त घेराचा असतो. एलव्ही, एमव्ही, एचव्ही ही अक्षरं त्यासाठीच. वर्षानुवर्षं चपला-सँडल वापरलेल्या आपल्याकडच्या अनेकांचे पाय पुढे पसरट आणि टाचेशी निमुळते असतात. अशा पायाला एचव्ही बूट दुकानात गादीसारखा वाटतो, पण टाच आत डोलत राहते. त्यापेक्षा मध्यम घेराचा बूट घेऊन चवड्यापाशी तो थोडा फुगवून घेणं केव्हाही चांगलं.

फुगवणं म्हणजे शेलचा तेवढाच भाग तापवून आतून यंत्रानं बाहेर ढकलणं. करंगळीच्या मुळाशी किंवा घोट्याच्या आतल्या हाडाशी पाच-सहा मिलिमीटर जागा अशी सहज मिळते. पॉलियुरेथेनचं शेल यासाठी सगळ्यात आज्ञाधारक. ग्रिलामिड हे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक हलकं असतं, पण ते तापवताना कारागिराचा हात बसलेला लागतो. स्वस्त बुटांतलं पॉलिओलेफिन मात्र फुगवलेला आकार नीट धरून ठेवत नाही. सालोमन, अ‍ॅटॉमिक यांच्या काही मॉडेलमध्ये अख्खं शेलच भट्टीत तापवून पायावर बसवता येतं. रुंदीची अडचण असेल तर हे उपयोगी आहे. लांबी मात्र त्यानंही बदलत नाही.

पोटरीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खरा आहे. बऱ्याच स्त्रियांच्या पोटरीचा फुगीर भाग खाली असतो, म्हणून स्त्रियांच्या बुटाची वरची नळी आखूड आणि तोंडाशी रुंद बनवतात. भाड्याचा बूट पुरुषांचा किंवा दोघांना चालेल असा असेल तर बकल लागत नाही यात तुमचा काही दोष नाही. बकलाच्या दात्यांची पट्टी बहुतेक बुटांत स्क्रू काढून एक-दोन भोकं पुढे सरकवता येते. बकलाचा आकडा स्वतःभोवती फिरवला की आणखी काही मिलिमीटर मिळतात. नळीच्या मागे प्लास्टिकचा जादा तुकडा बसवलेला असेल तर तो काढा. टाचेखाली तीन ते पाच मिलिमीटरची पाचर घातली तर पोटरी तेवढी वर उचलली जाते आणि नळीला जागा मिळते. घोटा फारसा पुढे वाकत नसेल तर त्याच पाचरीनं तोही मोकळा होतो. मात्र पाचरीमुळे पावलाचा वरचा भागही वर जातो, तेव्हा तिथला दाब पुन्हा तपासायला विसरू नका.

फ्लेक्स म्हणजे बुटाचा ताठपणा. तुम्ही मध्यम उतारांवर समांतर वळणं घेत असाल, असं धरून ८० ते ९० हा पल्ला ठीक. हा आकडा कोणत्याही एका मानकानं ठरलेला नाही. एका कंपनीचा ८० दुसऱ्याच्या ९० इतका ताठ निघू शकतो. शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. दुकानाच्या उबेत जेमतेम वाकणारा बूट बर्फावर वाकायचा नाही, मग तुम्ही मागे झुकून स्की कराल आणि मांड्या भरून येतील.

हे सगळं जमल्यावर लायनर. सेलच्या जाहिरातीत ‘थर्मो’ हा एकच शब्द असला तरी त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, बुटासोबत येणारं शिवलेलं लायनर, ज्यात फक्त घोटा, टाच अशा ठिकाणी तापल्यावर आकार घेणारा फोम असतो. हे गरम हवेच्या नळीनं पाचसात मिनिटं तापवतात आणि फरक माफक पडतो. दोन, अख्खं ईव्हीए फोमचं लायनर, जसं व्हँकूव्हरची इन्ट्यूशन ही कंपनी बनवते. हे हलकं, उबदार, आणि तापल्यावर फुगून पायाभोवती रिकाम्या जागा भरून काढतं. याला भट्टी किंवा गरम हवेचा उभा खांब लागतो. भट्टीत साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटं असा अंदाज धरतात, पण कंपनीच्या कागदावरचा आकडाच प्रमाण. यात जिभेचं आणि पाय गुंडाळून घेणारं असे दोन प्रकार येतात. गुंडाळणारं लायनर नडगीवर दाब सारखा पसरवतं, म्हणून तुमच्या वळांसाठी त्याचा विचार करा. जाड पोटरीवर मात्र त्याचा दुहेरी थर नळीत मावतोय का, ते घालून बघावं लागेल.

घरच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नका. डायलवरचं तापमान आणि आतलं तापमान यात वीस-वीस अंशांचा फरक निघतो. वरची-खालची कॉइल लाल होते तेव्हा लायनरचं टोक थेट भाजतं, लोखंडी जाळीला टेकलेला भाग चपटा होतो. शिवलेल्या लायनरमधला गोंद सुटतो. जास्त तापलेला फोम फुगण्याऐवजी आकसून कडक पडतो आणि तो परत येत नाही. हेअर ड्रायरनंही काही साधत नाही, एक बाजू तापेपर्यंत दुसरी गार होते. आणि एकदा पायावर बसवलेला बूट कोणी परत घेत नाही, ऑनलाइन तर नाहीच.

दुकानात हे काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे काही राहिलं तर तुम्ही टोकू शकाल. सगळ्यात आधी तळपट्टी. पावलाची कमान वजनाखाली सपाट होत असेल तर पाय बुटात लांब होतो आणि आतल्या बाजूला कलतो. लायनर बसवताना आत नेहमी वापरायचीच तळपट्टी हवी. नंतर तळपट्टी बदलली तर बसवलेला आकार वाया. त्यानंतर जिथे हाड टोचतं तिथे, म्हणजे घोट्याची दोन्ही हाडं, कमानीवरचं हाड, करंगळीचं मूळ, इथे तीन ते सहा मिलिमीटर जाडीचे फोमचे तुकडे चिकटवतात आणि बोटांवर फोमची टोपी घालतात. वर पातळ नायलॉनचा मोजा. हे तुकडे नंतर काढून टाकले की तेवढी मोकळी जागा आत शिल्लक राहते. बोटांची टोपी विसरली गेली तर बूट शेलमध्ये बरोबर असूनही बोटं आयुष्यभर चेपलेली राहतील, म्हणून ती मागून घ्या.

लायनर गरम झालं की पाय घालून तेच घट्ट वर ओढायचं, सुरकुती पडू द्यायची नाही. टाचेमागे किंवा पावलाच्या वळणावर एक घडी राहून गेली तर गार झाल्यावर तिचा कडक कंगोरा होतो आणि तो दुसऱ्याच दिवशी कातडी सोलतो. मग शेलमध्ये पाऊल, टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवायची, बकलं हलकीच लावायची. पुढच्या टोकाखाली दोन-तीन सेंटिमीटरचा ठोकळा ठेवून उभं राहिलं की वजन टाचेकडे जातं आणि टाचेचा खळगा नीट पडतो. गुडघे किंचित वाकवून दहा मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. चालायचं नाही, पुढेमागे झुलायचं नाही. सर्वात जास्त होणारी चूक इथलीच : बकलं करकचून आवळणं. गरम फोम दाबून पातळ झाला की पहिल्याच आठवड्यात बूट सैल. गार झाल्यावर बूट काढून, बकलं हलकी लावून रात्रभर तसाच ठेवायचा. कुठे बिनसलं तर ईव्हीए लायनर आणखी काही वेळा तापवता येतं, तेव्हा एका चुकीनं घाबरायचं कारण नाही.

आता कसोटी. एक पातळ किंवा मध्यम लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंतचा स्कीचा मोजा घाला. एकच. दोन मोजे, सुती मोजे, आणि थर्मल पँटची शिवण बुटाच्या आत, या तिन्ही गोष्टींनी चांगला बूटही बिघडतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं समोर हलकेच टेकायला हवीत आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरकायला हवीत. टाच उचलून बघा, ती जागची हलता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं बूट घालून दुकानातच फिरा. सगळीकडून घट्ट हात धरल्यासारखं वाटलं तर ते बरोबर, कारण पहिल्या दहा-पंधरा दिवसांच्या स्कीइंगमध्ये लायनर आणखी दबतं. एखाद्या जागी टोचत असेल तर तिथे शेल फुगवायला सांगा. मुंग्या येऊन बोटं बधिर होऊ लागली तर तो बूट नको. आणि पहिल्या क्षणापासून सपातांसारखा आरामशीर वाटला तर हमखास मोठा आहे.

बर्फावर बकलं लावण्याचाही क्रम असतो. टाच आपटून मागे बसवा, मग घोट्याजवळचं बकल आधी, ज्यानं टाच जागेवर धरली जाते. त्यानंतर नळीचं सगळ्यात वरचं बकल आणि रुंद पट्टा घट्ट. बोटांवरची दोन बकलं नुसती अडकवण्यापुरती. एक-दोन फेऱ्या झाल्या की सगळी पुन्हा तपासा. लिफ्टच्या रांगेत वरची सोडून ठेवलीत तर रक्त फिरतं. रात्री लायनर बाहेर काढून कोमट हवेत वाळवा. हीटरला टेकवून ठेवलंत तर तुमचा सगळा खर्च तिथेच विरघळेल. गाडीच्या डिकीत रात्रभर गारठलेला बूट सकाळी पायात जाता जात नाही, तो केबिनमध्ये ठेवा.

बूट बदलला की त्याच्या तळव्याची लांबी बदलू शकते, म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवून धरणारी यंत्रणा, पुन्हा लावून घ्यावंच लागतं. पडल्यावर स्की सुटण्याचा आकडा तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि ही लांबी यांवरून ठरतो. वळणदार रबरी तळव्याचा ग्रिपवॉक बूट घेतलात तर बाइंडिंगही ग्रिपवॉकला चालणारं हवं. स्की भाड्याच्याच राहणार असतील तरी काउंटरवर हे आठवणीनं सांगा.

खर्चाचा अंदाज : तुमच्या भागात चांगला बूट साधारण ३०० ते ६०० युरो, पायाच्या मापाची तळपट्टी आणखी शे-दीडशे युरो. वेगळं ईव्हीए लायनर लगेच घेऊ नका. सोबतचं लायनर आधी एक मोसम वापरून बघा. दोन्हींपैकी एकालाच पैसे पुरणार असतील तर तळपट्टीला द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे नंबर उपलब्ध असतात, बसवून देणाऱ्याला वेळही असतो. डिसेंबरच्या शनिवारी जाऊन नीट काम होत नाही.

भाऊ-वहिनींना पहिल्या वेळी बूट विकत घ्यायला लावू नका. गुलमर्गमध्ये भाड्यानं मिळतात. जुने असतात, लायनर दबून पातळ झालेली असतात, तेव्हा नंबर सांगून जे देतील ते घ्यायचं नाही. दोघांनी पुण्यातच पाय उभ्यानं मोजून सेंटिमीटरचा आकडा लिहून न्यावा. दुकानात लायनर काढून टाचेमागची जागा बघावी. कुणी का कू केलं तर निदान एक नंबर लहान बूट घालून बघायचा आग्रह धरावा. बकलं चारही धड लागतात का, लायनर ओलं तर नाही, हे तिथेच तपासावं आणि बूट आदल्या संध्याकाळी घ्यावेत, म्हणजे सकाळच्या गर्दीत घाईनं निवड होणार नाही. लोकरीचे मोजे तेवढे तुम्ही म्युनिकहून दोन-दोन जोड पाठवा.